करावे आणि असावे : रस्तेबांधणीतील नवरचना व विनिर्देशांची भाषा

रस्तेबांधणीविषयी भाषाशास्त्राच्या अध्यापकाने लिहावे ही काही वाचकांना अनधिकार चेष्टा वाटेल. प्रस्तुत लेखकास खडीची पारख नाही आणि डांबराची परीक्षा करता येत नाही, हे आरंभीच मान्य केलेले बरे. तथापि कोणताही रस्ता जमिनीवर उतरण्यापूर्वी कागदावर वाक्यांच्या रूपाने अस्तित्वात आलेला असतो, आणि ही वाक्ये ज्या घडणीची असतात त्याच घडणीचा रस्ता पुढे आपल्या पायांखाली येतो. या वाक्यांना सरकारी मराठीत ‘विनिर्देश’ म्हणतात. कामावर मात्र सर्वजण ‘स्पेसिफिकेशन’ असेच म्हणतात. नवी कल्पना आपल्या रस्त्यांत लवकर का शिरत नाही, हा प्रश्न सामान्यतः पैशाचा, सचोटीचा किंवा धाडसाचा म्हणून चर्चिला जातो. तो काही अंशी क्रियापदाचाही आहे, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

काही वर्षांपूर्वी परिचयातील एका अभियंत्यांनी ग्रामीण रस्त्याच्या निविदेचा मराठी मसुदा वाचावयास दिला. ‘‘सर, भाषा तेवढी पाहा, तांत्रिक भागाला हात लावू नका,’’ अशी सूचना होती. वाचता वाचता क्रियापदांकडे लक्ष गेले. माती दाबावी, मुरूम पसरावा, खडी अंथरावी, पाणी शिंपडावे, रूळ फिरवावा: पानामागून पान अशाच वाक्यांनी भरलेले होते. ‘असावा’ हे रूप मधूनच येई, परंतु तेही साधनापुरते. उदाहरणार्थ, रूळ आठ ते दहा टन वजनाचा असावा. पाच वर्षांनी तो रस्ता कसा असावा, यासंबंधी त्या मसुद्यात एकही वाक्य नव्हते.

हे त्यांच्या निदर्शनास आणले तेव्हा ते हसले आणि मग त्यांनी जे सांगितले ते व्याकरणाच्या पलीकडचे होते. गावालगतच्या टेकडीचा मुरूम मातकट निघाला होता. त्यात योग्य प्रमाणात चुना मिसळला तर तोच मुरूम खालच्या थरास चालेल अशी त्यांची खात्री होती. चुन्याने चिकण माती स्थिर होते ही गोष्ट जुनी व सर्वज्ञात आहे. पण निविदेत खडी ‘अंथरावी’ असे होते. म्हणून खडी चाळीस किलोमीटरवरून आली, आणि ती वाहून आणणाऱ्या ट्रकांनी वाटेवरच्या दुसऱ्या एका गावचा रस्ता निकामी केला. ‘‘मी चुना वापरला असता आणि रस्ता टिकला असता, तर कोणी विचारले नसते. फुटला असता, तर लेखापरीक्षणात एकच प्रश्न आला असता: लिहिले होते तसे का केले नाही?’’

आता या दोन रूपांचा थोडा विचार करू. मराठीतील विध्यर्थाचा प्रत्यय संस्कृत ‘तव्य’पासून प्राकृत ‘अव्व’च्या द्वारे आलेला आहे. कर्तव्य, औचित्य, इच्छा, शक्यता अशा अनेक छटा तो व्यक्त करतो, पण निविदेच्या भाषेत कर्तव्याचीच छटा उरते. ‘ठेकेदाराने थर घालावा’ या वाक्यात कर्ता तृतीयेत घट्ट बांधलेला असतो. वाक्यात त्याचा उल्लेख नसला तरी तो गृहीत असतो. उलट ‘रस्ता सपाट असावा’ या वाक्यात ठेकेदार नाहीसा होतो. तेथे कर्ता रस्ता हाच. म्हणजे ‘करावे’ने कर्त्याला पकडता येते पण फलाविषयी बोलता येत नाही, ‘असावे’ने फलाविषयी बोलता येते पण कर्ता हातातून निसटतो. पुढे जी उदाहरणे येणार आहेत त्यांत ही अडचण निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा दिसेल.

‘करावे’च्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते प्रथम सांगितले पाहिजे. जॉन लाउडन मॅकॅडम हा स्कॉटिश गृहस्थ १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या टोलरस्त्यांचा सर्वेक्षक झाला. त्याच्या काळी रस्त्याच्या तळाशी मोठमोठे दगड हाताने रचण्याचा प्रघात होता. फ्रान्समध्ये त्रेझागेने आणि ब्रिटनमध्ये टेल्फर्डने ही पद्धत शास्त्रशुद्ध केली होती. मॅकॅडमचे म्हणणे निराळे होते. भार अखेर मूळची जमीनच पेलते. ती कोरडी राहिली म्हणजे झाले. त्यासाठी रस्ता भोवतालच्या भूमीहून उंच घ्यावा, पाण्याचा निचरा करावा, आणि वर एकसारख्या फोडलेल्या लहान दगडांचा थर घालावा. दगड किती लहान? सहा औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमपेक्षा, अधिक वजनाचा नको. रस्त्याकडेला बसून दगड फोडणाऱ्या निरक्षर माणसालाही कळेल आणि तराजूने पडताळता येईल असा हा नियम होता. मॅकॅडमची कीर्ती जगभर झाली ती मुख्यतः नियमाच्या या सुबोधतेमुळे, असे आमचे मत आहे. चांगल्या ‘करावे’चा हा नमुनाच होय.

परंतु त्या नियमाच्या पोटात एक कारण दडलेले होते. दगड गाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेच्या मानाने लहान असला म्हणजे चाकाखाली तो कलत नाही, उलट शेजारच्या दगडांत रुतून बसतो आणि वाहतुकीनेच रस्ता घट्ट होत जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी आल्या, धावेच्या जागी रबर आले. वेगाने जाणारे रबरी चाक दगडांमधील बारीक भुकटी वर खेचून काढू लागले. धुळीचे लोट उठले आणि रस्ते सुटू लागले. नियमाचे कारण संपले होते, तरी नियम होता तसाच होता. एडगर हूली या ब्रिटिश अभियंत्याने १९०२ मध्ये डांबर व लोखंडाच्या भट्टीतील मळी यांच्या मिश्रणाचे पेटंट घेतले. एके ठिकाणी डांबराचे पिंप फुटून त्यावर मळी टाकली गेली आणि तेवढाच भाग धूळविरहित राहिला, हे पाहून त्याला ती कल्पना सुचली असे सांगतात. ‘करावे’ हे रूप कृती सांगते आणि कारण गिळून टाकते; म्हणून परिस्थिती बदलली की नियम मोडावा की पाळावा हे नियमाकडे पाहून कळत नाही.

जाता जाता एक भाषिक गंमत नोंदवावीशी वाटते. स्वच्छ खडीत ‘बांधणी’च्या नावाखाली माती वगैरे मिसळण्यास मॅकॅडमचा सक्त विरोध होता. आपल्याकडे ज्याला ‘डब्ल्यू. बी. एम.’ म्हणतात त्या ‘वॉटर बाउंड मॅकॅडम’मध्ये नेमके तेच, म्हणजे मुरूम व पाणी, घालतात आणि नाव मात्र मॅकॅडमचे लावतात. आणि हा ‘मुरूम’ शब्द? ‘हॉब्सन-जॉब्सन’च्या कर्त्यांनी तो मोल्सवर्थच्या आधारे मराठी म्हणून नोंदविला असून, राष्ट्रीय महामार्गांच्या इंग्रजी विनिर्देशांत तो ‘मूरम’ या रूपाने आजही नांदतो आहे. दख्खनच्या गवंड्याबेलदारांचा शब्द अखिल भारतीय मानकात गेला, पण त्या मुरमाविषयीचे त्यांचे ज्ञान बरोबर गेले नाही.

‘असावे’ म्हणावयाचे तर मोजता आले पाहिजे, आणि रस्त्याचे चांगलेपण मोजावे कसे? या प्रश्नाचे सर्वांत रोचक उत्तर अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावानजीक १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रयोगात मिळते. तेथे निरनिराळ्या जाडीचे व घडणीचे शेकडो रस्ताखंड बांधून त्यांवरून दोन वर्षे ठरावीक भाराचे ट्रक अहोरात्र फिरविण्यात आले. एकूण अकरा लाखांहून अधिक आस-फेऱ्या झाल्या. आसावरील भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुप्पट न होता सुमारे सोळापट होते, हा प्रसिद्ध निष्कर्ष याच प्रयोगातून आला. पण आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. रस्ता ‘निकामी झाला’ असे केव्हा म्हणावयाचे, यावर अभियंत्यांचे एकमत होईना. तेव्हा कॅरी व आयरिक या दोघांनी एक युक्ती योजिली. माणसांच्या एका मंडळास गाडीत बसवून निरनिराळ्या रस्त्यांवरून नेले, प्रत्येकास शून्य ते पाच यांत गुण द्यावयास सांगितले, आणि हा रस्ता तुम्हांस पत्करेल काय असेही विचारले. नंतर त्या गुणांची यंत्राने मोजलेल्या चढउतारांशी, भेगांशी व चाकोरीच्या खोलीशी गणिताने सांगड घातली. म्हणजे ‘चांगला’ या विशेषणाचा अर्थ प्रथम ते वापरणाऱ्यांकडून घेतला आणि मग त्यास माप लावले. कोशकाराची पद्धत याहून फारशी निराळी नसते. पुढे १९८२ मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या प्रयोगांतून पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक निघाला; तो मीटर प्रति किलोमीटर या एककात सांगतात. अशी मापे हाती आल्यावरच ‘रस्ता असा असावा’ हे वाक्य करारात लिहिण्याजोगे झाले.

नावे बदलल्याने विचार कसा बदलतो याचे आपल्याच देशातील उदाहरण डांबराचे आहे. (काटेकोर बोलावयाचे तर आज वापरतात ते खनिज तेलापासूनचे बिटुमेन, पण बोलीत ‘डांबर’ शब्द दोहोंनाही चालतो.) पूर्वी त्याची प्रत ‘८०/१००’ अशा अंकांनी सांगत. याचा अर्थ, २५ अंश सेल्सियसला ठरावीक वजनाची सुई पाच सेकंदांत त्यात किती शिरते. वस्तुतः उन्हाळ्यात आपल्या रस्त्याच्या पृष्ठभागाचे तापमान ६० अंशांच्या आसपास जाते, आणि चाकोऱ्या पडतात त्या तेव्हा. सुईच्या कसोटीला सारखेच उतरलेले दोन नमुने त्या उष्णतेत अगदी भिन्न वागू शकतात. २००६ मध्ये भारतीय मानक बदलले आणि प्रत ६० अंशांच्या स्निग्धतेवरून ठरू लागली. ‘व्हीजी-३०’सारखी नावे तेव्हापासूनची. अमेरिकेने १९८७ पासून चालविलेल्या संशोधन कार्यक्रमातून त्याही पुढचे पाऊल टाकले: तेथे प्रतीच्या नावातच रस्त्याला सोसावे लागणारे कमाल व किमान तापमान असते. नाव वस्तूपासून सरकत सरकत तिच्याकडून होणाऱ्या अपेक्षेपर्यंत आले.

बांधकामाप्रमाणे आखणीतही हेच दिसते. स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये असे धोरण स्वीकारले की, रस्त्यावर कोणी मरू नये वा गंभीर जखमी होऊ नये. कठडा किती उंच करावा, पट्टा किती रुंद करावा, यांपैकी काहीच त्या वाक्यात नव्हते. त्या देशात १३ मीटर रुंदीचे, दोन मार्गिका व दोन्ही बाजूंस प्रशस्त साइडपट्ट्या असलेले अनेक रस्ते होते. चालक मधूनच दुसऱ्यास ओलांडू पाहत आणि समोरासमोर टकरी होत. चौपदरीकरण हा रूढ उपाय, पण खर्च अवाच्या सवा. त्याऐवजी तेवढ्याच रुंदीत तीन मार्गिका आखून, मधली मार्गिका काही अंतर एका दिशेस व काही अंतर दुसऱ्या दिशेस द्यावयाची आणि दोहोंमध्ये तारदोरांचा कठडा उभारावयाचा, ही योजना पुढे आली. इतक्या अरुंद जागेत कठडा कसा चालेल, रुग्णवाहिका कशी जाईल, दुरुस्ती कशी होईल, असे आक्षेप खुद्द जाणत्यांनीच घेतले. १९९८ मध्ये येव्हले शहरानजीक पहिला तुकडा झाला, आणि पुढे अशा रस्त्यांवरील मृत्यू सुमारे चार पंचमांशाने घटल्याचे आढळले. जुन्या विनिर्देशांत अशा रस्त्यास जागाच नव्हती. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, हा सरकारी आकडा ध्यानात घेतला म्हणजे हा व्याकरणाचा काथ्याकूट नाही हे वाचकांस पटेल.

आपल्या देशात रस्त्यांविषयी विचार करणारी यंत्रणा उभी राहिली ती एका महाराष्ट्रीय कायदेपंडिताच्या अध्यक्षतेखालील समितीमुळे. डॉ. मुकुंद रामराव जयकर यांची रस्तेविकास समिती १९२७ मध्ये नेमली गेली. तिच्या शिफारशींनुसार १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी स्थापन होऊन त्यातील काही भाग प्रयोग व संशोधनासाठी राखला गेला. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था निघाली. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून जयकर आपणांस परिचित आहेत. त्यांचे हे दुसरे कार्य विद्यापीठाच्या आवारातही फारसे आठवले जात नाही. १९४३ च्या नागपूर योजनेने रस्त्यांना राष्ट्रीय, राज्य, जिल्हा व ग्राम अशी वर्गनामे दिली. १९५२ मध्ये दिल्लीस मध्यवर्ती रस्ते संशोधन संस्था सुरू झाली. म्हणजे संशोधनाची सोय नव्हती असे म्हणता येणार नाही. संशोधन आणि निविदा यांमधील अंतर मात्र मोठे राहिले.

ते अंतर किती, हे मदुराईच्या उदाहरणावरून कळते. तेथील त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर. वासुदेवन् यांनी या शतकाच्या आरंभी टाकाऊ प्लास्टिकचा रस्त्यात उपयोग करण्याची रीत सिद्ध केली. बारीक कातरलेले प्लास्टिक तापविलेल्या खडीवर टाकले की ते वितळून प्रत्येक खड्यावर पातळ लेप बसतो. मग त्यावर डांबर चांगले चिकटते आणि पाणी सहसा शिरत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसची यासंबंधीची मार्गदर्शिका २०१३ मध्ये निघाली, केंद्र सरकारचा आदेश नोव्हेंबर २०१५ मध्ये, आणि वासुदेवन् यांना पद्मश्री २०१८ मध्ये मिळाली. प्रयोगशाळेपासून मानकापर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ लोटला. रस्त्याची परीक्षाच दीर्घ असते, हे पाहता त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

तक्रार निराळी आहे. ही नवरचना मान्य झाली ती पुन्हा ‘घालावे’ याच रूपात: डांबराच्या वजनाच्या सहा ते आठ टक्के प्लास्टिक मिसळावे. आता याच हेतूसाठी दुसऱ्या कोणास याहून बरी युक्ती सुचली, तर त्याने पुन्हा तितकीच वर्षे दारात उभे राहावयाचे. शिवाय हेतू कोणता? रस्ता अधिक टिकावा हा, की शहरातील कचरा कोठेतरी मार्गी लागावा हा? दोन्ही हेतू स्तुत्य आहेत, पण ते एक नव्हेत. रस्ता झिजताना प्लास्टिकचे सूक्ष्म कण मातीत व पाण्यात जातील काय, अशी शंका आता विचारली जाते. तिचे उत्तर शोधताना कोणत्या हेतूशी लाभहानी ताडून पाहावयाची, हे ‘मिसळावे’ या क्रियापदातून निघत नाही.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत २०१३ मध्ये वेगळा मार्ग अनुसरला गेला. राज्यांनी आपल्या वार्षिक प्रस्तावांतील किमान १५ टक्के लांबी नव्या तंत्रांनी करावी, असे ठरविण्यात आले. तंत्र कोणते हे राज्यावर सोपविले होते. क्रियापद ‘करावी’च असले तरी येथे नवेपणाची मुभा नव्हे, तर सक्ती आहे, आणि आमच्या अभियंता मित्रांसारख्यांना ती मुभेपेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण फसल्यास ‘वरून आदेश होता’ असे म्हणता येते. याच योजनेत रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. ‘असावे’च्या वाक्यातून निसटलेला कर्ता असा पुन्हा तृतीयेत आणून बसवावा लागतो. तथापि एक अडसर राहतोच: दरसूची. ज्या बाबीचा दर सूचीत नाही तिचे अंदाजपत्रक करणे, मग त्या दराचे पृथक्करण करून वरिष्ठांची संमती मिळविणे, हे काम इतके कंटाळवाणे आहे की पुष्कळ नव्या कल्पना तेथेच गारठतात. दरसूची ही नामांची यादी आहे; ज्यास नाव नाही त्यास मोल नाही.

आणखी एका शब्दाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही, तो म्हणजे ‘समाधानकारक’. प्रायोगिक रस्त्यांचे जे अहवाल आमच्या पाहण्यात आले त्यांत वर्ष-दोन वर्षांनी केलेल्या पाहणीअंती रस्त्याची स्थिती ‘समाधानकारक’ असल्याचे नमूद असते. कोणाचे समाधान? कोणत्या मापाने? ओटावाच्या प्रयोगात नेमका हाच प्रश्न विचारून त्याचे उत्तर अंकांत काढले होते. तेथील बरेच रस्ताखंड फुटले, आणि ते फुटले म्हणूनच प्रयोगास अर्थ आला. कोणता थर किती फेऱ्यांनंतर गेला याची नोंद हेच त्याचे फलित. आपल्याकडे फुटलेला प्रयोग हा दोष ठरतो, आणि दोषाची नोंद स्वतःच्या सहीने कोण करील? त्यामुळे तोच फसलेला प्रयोग दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा होतो. प्रायोगिक खंडांसाठी निविदेतच एक निराळे वाक्य हवे: खंड फुटल्यास कारणांची नोंद करावी, आणि नोंद पूर्ण असल्यास संबंधित अधिकाऱ्याचा तो दोष मानू नये.

तो मसुदा आम्ही परत केला तेव्हा शुद्धलेखनाच्या दुरुस्त्यांबरोबर पाच वाक्ये सुचविली होती, सर्व ‘असावे’ची. पृष्ठभागाचा खडबडीतपणा तीन वर्षांनी अमुक मर्यादेत असावा, चाकोरीची खोली अमुक मिलिमीटरहून अधिक नसावी, खालच्या थराचे सामर्थ्य अमुक कसोटीस उतरावे, मग तो थर खडीचा असो की चुना मिसळलेल्या मुरमाचा, अशा धर्तीची ती होती. अंक त्यांनी भरावयाचे होते. काही महिन्यांनी त्यांची भेट झाली. पाचांपैकी दोन वाक्ये राहिली होती: चाकोरीचे, कारण ते फूटपट्टीने मोजता येते, आणि मुरमाचे, तेही ‘सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने’ एवढी जोड देऊन. ‘‘खडबडीतपणा मोजायचे यंत्र आमच्या उपविभागात नाही, सर,’’ ते म्हणाले. ‘‘तुमचे वाक्य बरोबर आहे. ते यंत्र आले की घालतो.’’